चोविसाव्या पानासाठी ड्युनेडिन

बाबांनी बोरू खाली ठेवून तीन आठवडे झाले होते. पुण्याहून आले तेव्हा उत्साह दांडगा. आई रोज वाचायची ती देवीची पोथी स्वतःच्या हातानं उतरवायची आणि नातीसाठी, इरासाठी, इथे लोअर हटला ठेवून जायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तीस पानं झाली आणि कळलं, चोविसाव्या पानावर एक ओळ गळलीय. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. "जन्मभर लोकांच्या चुका काढल्या आणि आता हे? फाडून टाक ते!" परतीचं विमान बारा दिवसांवर होतं. समजूत काढून मी थकले आणि सरळ गाडी काढली. ड्युनेडिनच्या एका ग्रंथालयात युरोपातली जुनी चित्रित हस्तलिखितं बघायला मिळतात, असं वाचलं होतं.

दक्षिण बेटावर नेणाऱ्या फेरीबोटीचं बुकिंग आधीच करा, गाडीसकट आयत्या वेळी जागा मिळत नाही. साडेतीन तासांत बाबांनी डब्यातले दोन धपाटे खाल्ले आणि समुद्राकडे पाठ करून पेपर वाचला. कैकौराला रस्त्यालगत सील लोळत होते, तिथे मात्र हसले. क्राइस्टचर्चला मुक्काम, मग ड्युनेडिनपर्यंत आणखी पाच तास. तिथे चीज रोल खाच: कांदा-चीज भरलेली पावाची गुंडाळी, वर लोणी.

ग्रंथालय मोफत आहे, पण आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते. बॅग बाहेर, आत फक्त पेन्सिल. बाबांनी दारातच बूट काढले.

"यू रिअली डोन्ट हॅव टू," तिथली मार्गारेट म्हणाली.

"पोथ्या आहेत ना आत?" बाबा मला म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितल्यावर तिनं ते बूट नीट भिंतीशी लावून ठेवले.

तिनं टेबलावर एक जाडजूड ग्रंथ उघडला. आयर्लंडमधल्या मठात बाराशे वर्षांपूर्वी वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या बायबलची ही हुबेहूब छापील प्रत. एकच अक्षर पानभर पसरलेलं, त्यात माना गुंतलेले पक्षी. बाबांनी सवयीनं पानावर डोकं टेकवलं. मी घाईनं पुढे झाले.

"इट्स ओके, इट्स ओन्ली अ कॉपी," मार्गारेट हसली.

"पोथी म्हणजे नक्कलच असते, सांग तिला."

मग तिनं एक पान उलटून खालच्या समासावर बोट ठेवलं. "ही स्किप्ड अ लाइन. दे डिड इट हीप्स." लिहिणाऱ्याकडून ओळ गळली होती, असं त्यांचं खूपदा व्हायचं. गळली तिथे एक खूण, तीच खूण खाली, आणि तिच्यापुढे राहिलेली ओळ.

"अगं, हे तर काकपद!" बाबांनी खुर्ची पुढे ओढली. आपल्या हस्तलिखितांतही गाळलेल्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करून मजकूर समासात लिहीत. बाबांना हे माहीत होतंच, फक्त स्वतःला माफ करायचं नव्हतं. "एवढा जीव ओतलाय, तरी चुकला. आणि पान फाडलं नाही त्यानं."

"वासरं काय झाडाला लागतात, बाबा?"

"गप गं." मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईची पोथी माझ्या हातून बिघडली, असं वाटत होतं मला." मला तिथेच रडू आलं. आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते.

घरी आल्यावर बाबांनी बोरू उचलला, तो जाण्याच्या आदल्या दिवशी ठेवला. चोविसाव्या पानावर आता काकपद आहे, समासात ती ओळ आणि ती चोचीत धरलेला, गळ्याशी पांढरा गोंडा असलेला इथला तुई पक्षी.

मराठी समजत असूनही इंग्रजीत उत्तरं देणारी इरा पोथी उघडते, ती थेट तुईपाशी. "आजोबा फरगॉट धिस वन?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं, आणि अक्षरं लावत लावत ती ओळ वाचली.

आख्ख्या पोथीतली तीच एक ओळ तिला पाठ आहे.