सीनेच्या काठानं, अंबाडी भिजत असताना

शालनच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "पिऊ नगा, आदी वास घ्या." माझं सगळं बदललं ते त्या घडीला. त्याआधी मी नगरचं कॉलेज अर्ध्यात सोडून मागणी घालायला निघालेला एक तिरसट पोरगा होतो. शालन नगरला मामांकडे शिकायची. ती गावी परतली आणि माझं वर्गात लक्षच लागेना.

तिचं गाव आमच्यासारखंच सीना नदीवर, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, मिरजगावच्या पुढं. कार्तिक होता. एस.टी.चा नाद सोडला आणि आमच्या गावातून काठाकाठानं चालत निघालो. तुम्ही जाणार असाल तर श्रावण टाळा. माळाचा मुरूम धुऊन पाणी तांबडं येतं, नांगरलेल्या काळ्या रानांखाली ते आणखी गढूळतं, पायवाट तर चिखलात जाते. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं. वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरतात, आणि ते पाणी गोड लागतं. पौषात जा. तळाचे खडे दिसतात.

कार्तिकात मात्र अंबाडी. दोरखंडासाठी तिच्या पेंढ्या डोहात दगडाखाली दाबून कुजवतात. आमच्याही होत्या, गाव सोडताच दिसल्या. तिथून खाली लांबवर पाणी काळ्या चहासारखं, कडेला मासे उलटे पडलेले. वाटेत बोलायला चिटपाखरू नाही. मी मनातच तिच्या वडिलांशी बोलत होतो आणि ते दर वेळी हो म्हणत होते.

मिरजगावात स्टँडजवळची भजी खा, गुळाचा चहा घ्या, खिशाला झेपतं. उन्हं कलताना तिच्या ओसरीवर पोचलो, आणि तो तांब्या पुढं आला. वास आमच्या डोहाचाच होता.

"वरल्या गावचे न्हवं तुमी? आमची लेकरं आता हेच पित्यात."

"नदी काय माझ्या बापाची आहे का?" मी भडकलो.

"न्हाई ना. पर अंबाडी तुमच्या बापाची हाय."

शेजारी बसलेला म्हातारा फिसकन हसला. मग शालनचे वडील हळू आवाजात म्हणाले, "शालनचं माघात लगीन हाय. डोंगराकडं दिली. त्या गावाच्या वर दुसरं गावच न्हाई."

शालन आली, माझ्या हातून तांब्या घेऊन आत गेली. वर बघितलंसुद्धा नाही.

परतीला एस.टी. मिळाली. जागा भरपूर, शेजारी कुणी बसलं नाही. घरी येऊन आमच्या विहिरीचं पाणी प्यालो. गोड लागलं, आणि त्याचाच राग आला.

वडील जेवत होते. शालनचं लग्न ठरल्याचं सांगितलं, मग म्हणालो, "दादा, अंबाडी नदीतनं काढू. विहिरीजवळ खड्डा घेऊ, तिथं भिजवू."

"आन् हिरीचं पानी नासवू व्हय?"

"मग खालच्यांचं नासलेलं चालतं? लांब खणू, पडीक तुकड्यात."

"तितं पानी कोन वाहनार?"

"मी."

दादांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "त्या पोरीचं तर ठरलं म्हनतोस. आता कुनासाठी हे?"

मी उठलो. कोपऱ्यातलं फावडं उचललं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.