डोंग्याचा खुटा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वैनगंगेच्या काठी डोंगा, म्हणजे आमची लहान नाव, बांधासाठी नवा खुटा ठोकणं. जनमभर मी मासोळी धरली अन बायकोनं टोपलं डोक्यावर घेऊन ती विकली.

आमची पोरगी बंदरात कॉम्प्युटरवर काम करते. खुटा ठोकला त्या दिवशी दुपारी ती फोनवर आईले समजावत होती अन स्पीकरवर मलेबी आयकू येत होतं, की जहाज धक्क्याले नेमकं कुठं लागते ते आधी कॉम्प्युटरात भरा लागते. मंग तिथून कंटेनर ठेवायच्या जागेपर्यंत गाडीले किती जा लागन, ते कॉम्प्युटर काढते. "पण सरळ रेघ मारून नाई चालत, माय. रस्ता जसा वळते तसंच मोजा लागते."

बायकोनं माझ्याकडं पाह्यलं. "आयकलं काय? तुमी डोंगा घरासमोर बांधता अन जवळ हाय म्हणता. मधात दरड हाय. टोपलं घेऊन वळसा मलेच पडते."

"मंग आता तुले धक्का बांधून देऊ काय?"

"धक्का राहू द्या. खुटा हलवा."

संध्याकाळी, जिथं दरड संपते अन वाट नीट घरी जाते त्या खालच्या पायवाटेपाशी तिनं खुटा धरला, मी ठोकला. रातभर माती बसू द्यायची अन डोंगा सकाळी आणायचा, असं ठरलं. त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी अंगणात लोक जमले. पोरगी यायची होती. मी कोणाले न सांगता नदीवर गेलो, डोंगा नव्या खुट्याले बांधला, अन डोंग्यात राह्यलेलं तिचं रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन त्या पायवाटेनं घरी आलो. वळसा पडलाच नाई.