हेल्मेटातलं बोलणं

हेल्मेटमधला माइक मी बंद केलाच नव्हता.

केला आहे असं मी धरून चाललो होतो, आणि त्या भरवशावर दोन दिवस वाळवंटातून मोटरसायकल चालवत मनाला येईल ते बोलत होतो. यातला खरा लाजिरवाणा भाग असा, की कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये मी ज्या नोकरीवर पगार घेतो त्यातलं निम्मं काम लोकांना ‘प्लीज म्यूट करा’ असं सांगण्याचं आहे. सकाळच्या कॉलवर कुणाचा कुकर शिट्टी देतो, कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणी बायकोशी भांडत असतो. त्या सगळ्यांना मी सुरात गप्प करतो. माझा याबाबतीत ऑफिसात दरारा आहे.

ट्रिपची कल्पना माझी. युटा राज्यात एक रस्ता आहे, डोंगराच्या कण्यावरून जाणारा. दोन्ही बाजूंना जमीन सरळ खाली निघून जाते आणि मधे जेमतेम दोन गाड्यांपुरतं डांबर उरतं. कठडा नाही. त्याला हॉगबॅक म्हणतात, म्हणजे डुकराची पाठ. त्याचा फोटो दोन वर्षं माझ्या फोनवर होता. कुणी विचारलं, “जाऊन आलास का?” तर मी “जाणार आहे” असं अशा आवाजात म्हणायचो की समोरच्याला मी जाऊन आल्यासारखंच वाटावं. झायन, ब्राइस ही नॅशनल पार्कं जगाला मोठी असतील, माझ्या लेखी ती वाटेत लागणारी स्टेशनं होती. मला डुकराची पाठ ओलांडायची होती, स्वतः गाडी चालवत. पन्नाशी आली होती आणि आयुष्यात सांगण्यासारखं धाडस म्हणाल तर एकदा मॅनेजरला ‘नो’ म्हणालो होतो, तेही ईमेलवर.

मंडळी मी जमवली. पहिला माझा मित्र. पुण्यात हॉस्टेलला एका खोलीत राहिलो, इथे एका कॉम्प्लेक्समध्ये राहतो. मला ताप आला तर माझ्या आधी त्याला कळतो. दुसरी त्याची मुलगी, इथेच जन्मलेली, ॲन आर्बरच्या विद्यापीठात रिसर्च करणारी. आमच्यात गाडी खऱ्या अर्थानं चालवता येणारी ती एकटीच. तिसरा एक नागपूरकर, ऑफिसातला, जो सामानात कपड्यांपेक्षा सावजी मसाला जास्त आणतो. आणि माझी बायको, भाड्याच्या कारमध्ये, सगळ्यांच्या बॅगा आणि दशम्यांचे डबे घेऊन. “मला वाळवंट बघायचंय, त्यात पडायचं नाहीये,” असं ती म्हणाली होती.

लास व्हेगसला गाड्या भाड्यानं घेतल्या. मुलीनं प्रत्येकाच्या हेल्मेटला एक छोटं यंत्र चिकटवलं, त्यावरून चालवता चालवता एकमेकांशी बोलता येतं. कारमध्ये बायकोलाही एक दिलं. “काका, म्यूट करायचं तर हे बटन दाबून धरायचं,” तिनं सांगितलं. दाबून धरायचं. मी नुसतं दाबलं. मला सगळ्यांचं ऐकू येत होतं, माझं कुणाला ऐकू जात नाही असं माझं मत होतं, आणि मत पक्कं असलं की मी तपासत नाही.

आता, मी गाडी चालवताना बोलतो. लायसन्स जेमतेम वर्षभराचं, तेही रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये प्लॅस्टिकचे शंकू न पाडता मिळवलेलं. भाड्याची गाडी म्हणजे बसलेली म्हैस. तिच्यावर गप्प बसलं की भीती वाटते, म्हणून मी बोलतो. झायनच्या लांबलचक काळ्या बोगद्यात मी येतील तेवढी स्तोत्रं म्हटली, आणि न येणारीही म्हटली. लाल खडक आले तसा मी गाडीला ‘बाई, सावकाश’ म्हणायला लागलो. मग नुसतं सरळ रान लागलं आणि विषय संपले, तेव्हा मी माणसांवर घसरलो. सावजी मसाल्याचा एवढा गवगवा, प्रत्यक्षात तिखटाचा पत्ता नाही, असं म्हणालो. बायकोच्या दशम्यांनी त्या बोगद्याची भिंत लिंपता येईल, असं म्हणालो. मित्राची मुलगी वळणावर आडवी होते ते बघून, हिच्या बापाला कॉलेजात सायकलही धड येत नव्हती, असं म्हणालो.

खुणा मिळत होत्या. त्या संध्याकाळी नागपूरकरानं माझ्या ताटलीत उसळीवर मसाल्याचा डोंगर ओतला. “घ्या भाऊ. नागपूरचं तिखट काय असते, ते पाहून घ्या एकदा.” डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्लं आणि मनात म्हटलं, काय प्रेमळ माणूस! दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या हातात सँडविच, माझ्या हातात चार सुक्या दशम्या. “तुला आवडतात ना,” बायको म्हणाली. मुलगी मधेच दूर जाऊन खांदे हलवत उभी राहायची. मला वाटलं, वाळवंट बघून भरून आलं असेल पोरीला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, ब्राइस सोडल्यावर, मी आणखी एक गोष्ट बोललो. वारा आडवा सुटला होता, गाडी हातात राहत नव्हती, पुढे मित्राच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मी त्या दिव्याशी बोललो. म्हणालो, “तू पुढे आहेस म्हणून चालवतोय रे. तू नसतास तर मी केव्हाच गाडी टाकून रडत बसलो असतो. उद्याही असाच पुढे राहा, फक्त दिसत राहा.” हे मी त्याला तोंडावर कधीच म्हटलं नसतं. आम्ही एकमेकांशी प्रेमानं बोलत नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

मुक्काम एस्कलांटे नावाच्या छोट्या गावात होता. हॉगबॅक तिथून पुढे. सकाळी मी उठलो, आरशासमोर जॅकेट घातलं, एकदा उगाच हेल्मेट काखेत धरून पाहिलं, आणि बाहेर आलो. पार्किंगमध्ये चार मोटरसायकली लावल्या होत्या. एकच उरली होती. माझी.

बायको खोलीच्या दारात खुर्ची टाकून इलेक्ट्रिक किटलीतला चहा पीत होती.

“कुठे गेले सगळे?”

“पुढे.”

“पुढे म्हणजे?”

“हॉगबॅक ओलांडून. पलीकडे बोल्डर गाव आहे ना, तिथल्या कॅफेत थांबणार आहेत. तू माझ्याबरोबर कारमधून यायचंस असं ठरलंय. तुझी गाडी न्यायला ती पोरगी बापाच्या मागे बसून परत येईल.”

“ठरलंय? कुणी ठरवलं?”

“आम्ही. काल. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा.”

“का पण?”

तिनं चहाचा घोट घेतला. “दशम्यांनी भिंत लिंपायची असेल तर तूप कमी घालावं लागेल मला.”

क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं, आणि मग मागचे दोन दिवस एकेक करून कळत गेले. उसळ. सँडविच. पोरीचे खांदे. आणि शेवटी तो लाल दिवा.

ते मला टाकून गेल्याचं दुःख झालं, पण ते नंतर. आधी मनाला लागलं ते हे, की ही चार माणसं दोन दिवस माझी भीती ऐकत होती, संध्याकाळी माझ्या शेजारी बसून जेवत होती, आणि एकानंही ‘अरे, तुझा माइक चालू आहे’ म्हटलं नाही. कॉलवर परक्या माणसाला आम्ही एवढं सांगतो! आणि तो. त्यानं ते ऐकलं, ‘फक्त दिसत राहा’ हेही ऐकलं, आणि सकाळी आवाज होऊ नये म्हणून गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली असणार. मी त्याला ओळखतो. तो ढकलतच नेणार.

“किल्ली दे,” मी म्हणालो.

“नाही.”

“किल्ली दे. नाहीतर मी इथून हलत नाही.”

तिनं पर्समधून किल्ली काढली. “पडलास तर मला सांगू नकोस.”

हॉगबॅकबद्दल खरं सांगायचं तर मला फारसं काही सांगता येत नाही. डावीकडे पांढरे-गुलाबी खडक खाली खाली जात होते, उजवीकडेही तेच, खूप खाली झाडांची पिवळी रेघ होती, असं मी नंतर फोटोत पाहिलं. मी समोरची पिवळी रेघ तेवढी बघत होतो, रस्त्यावरची. पुढे दिवा नव्हता. पहिला गिअर टाकला तो काढायची हिंमत झाली नाही. एवढंच लक्षात आहे की मी बोललो नाही. एक अक्षर नाही. बोलायला ज्याच्याकडे बघायचं तोच पुढे नव्हता. एक गोष्ट मात्र बरी वाटली: मागून एकानंही हॉर्न मारला नाही. म्हटलं, अमेरिकन माणूस जातीचा सभ्य.

पाठ संपली, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना गवत आलं, आणि मला कंठ फुटला. मी भाषण सुरू केलं. मित्रासाठी. “तीस वर्षं,” मी म्हणालो, “तीस वर्षं तुला मी भाऊ समजलो. परीक्षेच्या दिवशी तुला झोपेतून उठवलं कोणी? आणि तू मला झोपेत सोडून जातोस? माझ्या पाठीत सुरा...” इथे सुरा बरा की खंजीर, हे मी दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं.

कानात नागपूरकराचा आवाज आला. “भाऊ, खंजीरच ठेवा. आणि ते झोपेतून उठवायचं पुन्हा म्हणा नं, पोरगी हासत होती तर ऐकू नाही आलं.”

निघताना मी बटन दाबून धरायची काळजी घेतली होती. फक्त आदल्या रात्री कुणीतरी दया येऊन माझा माइक खरंच बंद केला होता. दाबून धरून तो मी पुन्हा चालू केला.

कॅफेच्या बाहेर तिघं लाकडी बाकावर बसले होते. मुलगी उठून आली. “सॉरी, काका. इट वॉज बेटर दॅन अ पॉडकास्ट. बट सॉरी.” मित्र बसूनच राहिला. भाषण सगळं त्याच्यापर्यंत पोचलेलं असल्यामुळे माझ्याकडे म्हणायला काही उरलं नव्हतं. मी एवढंच विचारलं, “ते दिव्याचं ऐकलंस?”

“ऐकलं.”

“तरी गेलास?”

“ऐकलं म्हणूनच गेलो. दोन दिवस तू रस्ता बघतच नव्हतास, गाढवा. वळणावरसुद्धा माझा दिवा बघत होतास. तिथे मी घसरलो असतो तर तू मागोमाग आला असतास खाली.”

“मग तोंडावर सांगायचं होतंस.”

“ऐकलं असतंस?”

उत्तर त्याच्या बाजूचं होतं. पण बरोबर असणं वेगळं आणि ढकलत गाडी नेणं वेगळं. अजूनही त्याच्याकडे चहाला गेलो की मी आधी त्याच्या फोनकडे बघतो, कुणी ऐकत तर नाही ना. पूर्वी बघत नव्हतो.

“पण एक लिहून ठेवा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “मी एकट्यानं ओलांडली. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं.”

तेवढ्यात आमची कार कॅफेच्या आवारात शिरली, चारही दिवे उघडझाप करत. तिच्यामागून कॅम्परव्हॅन, ट्रक आणि गाड्यांची भलीमोठी रांग सुटली आणि एकेक जण आमच्याकडे बघत, मान हलवत निघून गेला. पाठीच्या सुरुवातीपासून बायको मला दिसणार नाही एवढं अंतर ठेवून माझ्या मागे, सगळ्यांना अडवून चालवत होती.

ती उतरली, दार आपटलं, बाकावर तिच्यासाठी मागवून ठेवलेला चहाचा कप उचलून त्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “चालत आला असतास तर चहा गरम तरी मिळाला असता.”