मूर यांच्या गावात मोरे

२०२१च्या उन्हाळ्यात जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली आणि आम्ही आयरिश राजधानीलगतच्या ॲडम्सटाउनहून दूर केरी जिल्ह्याकडे गाडी काढली. फिरायला नव्हे. ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, तेव्हा लहान गावात अंगणाचं घर भाड्याने घ्यायचं होतं. साताऱ्याकडे आई-आप्पा पासपोर्ट काढून बसलेले. आप्पांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण नोराबाईंनी मेसेज केला होता, "या, तुमच्यासाठी थांबते."

गाव पाहताक्षणी आवडलं. नदीकाठी पायवाट, जुन्या बाजाराच्या इमारतीत वाचनालय, पोहण्याचा तलाव. मोठं हॉस्पिटल जवळच, ट्रली शहरात. सार्वजनिक संडासाला मात्र कोविडचं कुलूप. माझ्या बायकोला, उमाला, त्यासाठी एका कॅफेत नको असलेली कॉफी घ्यावी लागली.

चौकात गावच्या नामवंतांची दगडी पाटी होती. अमेरिकेत पूल बांधणारा, ऑस्ट्रेलियात बिशप झालेला, आफ्रिकेत दवाखाना काढणारी नन. पूलवाल्याचं आडनाव मूर.

"तुमचे भाऊबंद दिसतायत," उमा म्हणाली.

नोराबाईंनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं, मग आमच्या मागे गाडीकडे पाहिलं.

"मूर कुठायत?"

मेसेजखाली मी आडनाव इंग्रजीत लिहितो. बाईंनी त्यात एक 'ओ' पदरचा घातला होता.

"मोरे. मीच तो."

"ओह," म्हणाल्या. घर दाखवलं, नाही असं नाही. प्रेस (भिंतीतलं कपाट) उघडून दाखवला. तळमजल्यावर झोपायची खोली होती, मागे काळी माती.

"तुमच्यात मसाल्याचं फार करतात, ना?"

"रविवारी सुट्टी देतो त्याला," उमा म्हणाली. बाई हसल्या नाहीत.

मी म्हणालो, "घर पसंत आहे. ऑफिसचं पत्र आत्ता दाखवतो."

"यू आर ग्रँड," बाई गोड हसल्या.

ग्रँड म्हणजे उत्तम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इंग्रजीची मला धास्ती नाही. फाटकातूनच आप्पांना फोन लावला. "घर मिळालं. तुमची खोली खालीच आहे." मागून आईने विचारलं, "मेथी उगवंल का तिथं?" उगवेल, म्हणालो.

गाडीत उमाने पट्टा लावला. मग म्हणाली, "अहो, फोन कशाला केलात? ग्रँड म्हणजे राहू दे. मी काम करते त्या पाळणाघरातल्या बायका चहा नको असला की हेच म्हणतात."

"हसली की ती."

"नको म्हणताना हसतातच इथे."

चौकात पोचेपर्यंत मेसेज आला. घर पुतण्याला द्यायचं ठरलंय, क्षमस्व. आज सकाळपर्यंत या पुतण्याचा पत्ता नव्हता.

मी पाटी पुन्हा वाचली. त्यातल्या एकानेही या गावात नाव काढलेलं नव्हतं. सगळे परमुलखात मोठे झाले. तिथे कुणीतरी त्यांना पहिली खोली दिलीच असेल. त्या माणसांची पाटी कुठेच नाही. गावाला अभिमान आहे तो निघून गेलेल्यांचा. आलेल्यांसाठी पायवाट आहे, तलाव आहे, संध्याकाळी परत जायला रस्ता आहे.

ॲडम्सटाउनला जिने चढत होतो तेव्हाच आप्पांचा फोन आला.

"घर कसं हाय रं?"

"ग्रँड."

"म्हंजी?"

"म्हणजे राहू द्या, आप्पा."