फोटो काढायचा तर वाढताना

बॅनर आधी आला, ब्लँकेटं मागून. मनीषनगरचे एक बिल्डर वडिलांच्या स्मृतीसाठी आमच्या वृद्धाश्रमात ब्लँकेटं आणि जेवण वाटणार होते. सोबत फोटोग्राफर. सगळं मनासारखं झालं तर आमची बंद पडलेली लिफ्टही ते बदलून देणार होते. लिफ्टअभावी वरच्या मजल्यावरची माणसं कित्येक महिने अंगणात उतरली नव्हती.

मी तिथली सोशल वर्कर. सकाळच्या राऊंडला सुभद्राआजी म्हणाल्या, "बाई, मले त्या ब्लँकेटाच्या रांगेत नका उभं करू. फोटो मोबाइलवर जाते म्हणे."

मी सेक्रेटरींना सांगितलं. ते वैतागले.

"मॅडम, एका आजीपायी लिफ्ट घालवता का?"

"त्यांना नको असेल तर त्यांचा फोटो नाही."

"अ‍ॅडमिशनच्या वेळी सही घेतली ना आपण?"

"ती सही इथे राहण्यासाठी आहे, सर. चेहऱ्यासाठी नाही."

"मग तेवढ्या वेळ त्यांना खोलीत बसवा."

"म्हणजे नाही म्हटल्याची शिक्षा. जेवण त्यांच्यासाठीही आहे."

आमच्या कामात संमती म्हणजे नुसती मान हलवणं नव्हे. फोटो कशाला, कुठे जाणार, कोण बघणार हे माणसाला कळलं पाहिजे. आणि नाही म्हटलं तरी त्याची थाळी आणि बिछाना जागच्या जागी राहिला पाहिजे. ज्याचं छप्परच आपल्या हातात आहे, तो सहसा हो म्हणतो. म्हणून एखादा नाही म्हणाला की थांबून ऐकायचं.

मी आजींकडे परत गेले. "नको का म्हणता, आजी?"

"मौद्याले माही मेस होती वं. विजेच्या प्लँटवरच्या पोरायले जेवू घातलं मी. गुडघे गेले, मेस गेली. आता तेच पोरं मोबाइलवर पाहतीन का मावशी हात पसरून राहिली? फोटोचं भेव नाही मले. काढाचा तं वाढताना काढा."

हे मला सुचलं नव्हतं. मी फक्त फोटो टाळायच्या मागे होते.

सेक्रेटरींसमोरच मी बिल्डरांना फोन लावला. "साहेब, रांग नको, पंगत करू. तुम्हीही बसायचं. ब्लँकेटं आम्ही खोल्यांत पोचवू. फोटो ज्यांची तयारी असेल त्यांचाच. लिफ्ट यावर अडत असेल तर आत्ताच सांगा."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला.  बिल्डर म्हणाले, "येतो मॅडम. जेवायला काय आहे?"

"पाटोडी रस्सा."

कार्यक्रमाच्या सकाळी मी आजींना स्वयंपाकघरात बोलावलं. स्वयंपाकी महाराज त्यांना म्हणाले, "तुम्ही फक्त पळी धरा."

"पळी धराले बोलावलं का मले? सरक तिकडं."

आजींनी स्टुलावर बसून रस्सा केला. पंगतीत बिल्डर दोन आजोबांच्या मधे अवघडून बसले. आजी एका हातात काठी, दुसऱ्या हातात पळी घेऊन आल्या. मागे पातेलं धरून महाराज.

"लाजून काहून राहिला गा? जेव."

बिल्डर जेवले. तिखटाने कपाळावर घाम आला, तरी त्यांनी थाळी पुन्हा पुढे केली. आजींची पळी हवेतच थांबली. त्या फोटोग्राफरकडे वळल्या.

"आता काढ. हात दिसला पाहिजे. माहा नाही, त्याचा."

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने बिल्डर. फोटो आजींनी कॅमेऱ्यावर पाहिला. पदर नीट नव्हता, म्हणून दुसरा काढायला लावला. मग म्हणाल्या, "हा पाठव, पाहिजे तिथं."

पुढच्या रविवारी मोबाइलवर फोटो पाहून मौद्याहून तीन बाप्ये गेटवर हजर. "मावशी, रस्सा उरला का?" आजींनी आधी त्यांना उशिरा आल्याबद्दल झापलं, मग बसवलं.

लिफ्ट बसली. वरच्या मजल्यावरची माणसं आता संध्याकाळी अंगणात असतात. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आयडिया चांगली होती आपली." मी 'आपली' राहू दिलं.

आता देणगीदाराचा फोन आला की तारीख देण्याआधी मी विचारते, "पंगतीला बसणार ना?" जे हो म्हणतात, त्यांना संमती समजवायला फार वेळ लागत नाही.