उजव्या दाराची काच

आमचा ट्रक जुन्या पद्धतीचा, पुढं नाक असलेला. वडिलांनी घेतला तेव्हाच तो कुणीतरी वापरून टाकलेला होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेल्यावर वर्षभर तो शेडात जागचा हलला नाही. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले. बायको नातवासाठी पुण्याला मुलीकडं गेली ती तिकडंच रमली. घरात मी आणि शेडात ट्रक, एवढंच उरलं. डबा येतो, पण आणणारा गेटाला अडकवून जातो, त्याचंही तोंड दिसत नाही. कधी कधी संध्याकाळी लक्षात येतं की आज आपण तोंडातून शब्दच काढला नाही. मग मी ट्रकचं काम काढलं.

गॅरेजवाल्यांनी येऊन इंजिन चालू करून दिलं. दारं राहिली. काचांची रबरं वाळून लाकडासारखी झाली होती, बोट लावलं की काळा भुगा पडायचा. ते म्हणाले, आणा गाडी, तासाभरात बसवून देतो. मी म्हणालो, दारं मी करतो. कारण विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. आयुष्यभर मी असंच केलं आहे. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

बीडहून मीटरवर रबर आणलं, आणि काच ज्या खोबणीतून वरखाली सरकते ते चॅनल. उजव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या दाराचा आतला पत्रा खोलला. दाराच्या पोकळीत तळाशी पानं, माती, गंजाचे पोपडे साचले होते. हात घालून ते काढताना बोटाला काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं तर चपलेचा तुकडा. रबरी चपलेच्या टाचेचा, वरून पांढरा, खालून निळा, अंगठ्याएवढा. ब्लेडनं कापल्याची सरळ कड अजून तशीच होती.

तो मी कापला होता.

त्याला आता चोवीस वर्षं होतील. तेव्हा ट्रक दादा चालवायचा आणि मी त्याच्यासोबत हमाली, हिशोब, पडेल ते करायचो. गाडीला हात लावायची मला बंदी होती. मी एकदा गिअरबॉक्सचा नट पिळून तोडला होता, तेव्हापासून. ड्रायव्हरच्या दाराची आतली कडी बऱ्याच दिवसांपासून तुटलेली होती. दार उघडायचं तर काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ दाबायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. नवा माणूस बसला की आम्ही त्यालाही तसंच शिकवायचो.

त्या पावसाळ्यात काचेतून पाणी गळायला लागलं म्हणून दादानं गाडी चाचांकडं नेली. चाचा म्हणजे बीडला गॅरेजांच्या रांगेत काचेचं काम करणारे मिस्त्री. आसपासच्या तालुक्यांतल्या गाड्या काचेसाठी त्यांच्याकडंच यायच्या. त्यांनी नवं रबर, नवं चॅनल बसवलं आणि सांगितलं, "आठ दिवस काच थोडी खडखड करंल. रबर बसू द्या. मंग घेऊन या, मी तंग करून देतो."

खडखड मला सहन होईना. दादा जेवायला गेला होता. मी माझ्या जुन्या चपलेच्या टाचेचे दोन तुकडे कापले आणि काच वर करून स्क्रूड्रायव्हरनं चॅनलमध्ये दाबले, खोल, दिसणार नाहीत असे. काच गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दादा गाडी चालवताना म्हणाला, "बघ, मिस्त्रीनं काम लई झाक केलंय. हूं न्हाई की चूं न्हाई." मी बाहेर बघत राहिलो. सांगितलं असतं तर शिव्या खाव्या लागल्या असत्या. पाऊस चालू होता, काच वरच होती. पाणी आत येऊ नये म्हणून दादा डाव्या दारानंच चढायचा-उतरायचा. ती खाली करून बघायची वेळ कुणावर आलीच नाही.

चौथ्या दिवशी दादा रिकामी गाडी घेऊन नांदूरघाटाकडून येत होता. एकटाच. पुलावरून पाणी चाललं होतं, गाडीचं चाक कडेवरून सुटलं आणि गाडी डाव्या अंगावर ओढ्यात कलंडली. डावं दार पाण्याखाली गेलं. पुढच्या काचेला जाळी ठोकलेली. उजवं दार डोक्यावर आलं. दादानं काचेची मूठ फिरवली. ती फिरेना. शेवटी त्यानं उजव्या हातानं काच फोडली आणि तिथूनच लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. अंबाजोगाईला नेलं. हात राहिला, पण पंजाच्या नसा तुटल्या. बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. स्टिअरिंग त्या हातात परत आलं नाही. पुढं गाडी पगारी ड्रायव्हरनं चालवली.

गाडी वर काढल्यावर केबिनमधले कागद आणायला मला पाठवलं. मी आधी चॅनल बघितलं. एक तुकडा वरच होता. तो उपसून ओढ्यात फेकला. दुसरा सापडेना. दाराच्या आत पडला असणार हे मला कळलं होतं, पण पुढं नवी काच बसवणाऱ्यानंही दाराचा तळ उपसला नाही.

दोन दिवसांनी वडील चाचांच्या गॅरेजवर गेले. मी सोबत होतो. रांगेतले सगळे हातातलं काम टाकून जमले. वडील त्यांना तोंडाला येईल ते बोलले, "माझ्या पोराला जित्ता पुरत होतास की रे," असंही. चाचा शेवटी म्हणाले, "गाडी दाखवा." आले, उरलेल्या चॅनलमध्ये बोट घालून वरपासून खालपर्यंत चाचपत राहिले, पुन्हा पुन्हा. काही सापडलं नाही. मग बोट पायजम्याला पुसत म्हणाले, "असंल. मीच तंग बसवलं असंल."

त्यानंतर त्यांनी काचेचं काम सोडलं. काही वर्षं पंक्चरं काढली, मग तेही बंद. दादा जाईपर्यंत म्हणायचा, "त्या मिस्त्रीनं हात घालवला माझा." जेवताना डाव्या हातानं घास घ्यायचा आणि म्हणायचा. मी समोर बसून जेवायचो.

तुकडा सापडला त्या दिवशी मी रबर तसंच टाकून दिलं. दोन दिवस शेडाकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बीडला गेलो. चाचा जावयाच्या फळांच्या गाड्यावर बसतात हे ऐकून होतो. सत्तरी उलटलेली, दाढी पूर्ण पांढरी. मला लगेच ओळखलं.

"छोटे! पोट सुटलं की रे तुझं! ये, पपई खा, पोटाला बरी."

"चाचा, एक काम होतं."

"माझ्याकडं? कावून, पपई उतरवायचीय का?"

मी ट्रकचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काचेचं काम मी करत न्हाई. तुला म्हाईत हाय."

"हात मी लावतो. तुम्ही नुसतं बसून सांगा."

ते बराच वेळ एक पपई या हातातून त्या हातात घेत राहिले. मग जावयाला म्हणाले, "येतो जाऊन. ह्याला येत न्हाई काही, पहिल्यापासूनच येत न्हाई."

शेडात त्यांना खुर्ची दिली, पण ते फळीवर बसले, दाराजवळ. त्यांनी सांगायचं, मी करायचं. चौकट घासताना ओरडले, "लाडानं काय पुसतोस बे, घास! गंज राहिला तर रबर वर उचलतंय." रबर कापताना म्हणाले, बोटभर जास्त ठेव, ओढून कापलेलं रबर मागं सरतं. साबणाच्या पाण्यात हात बुडवून मी चॅनल बसवत गेलो आणि कितीतरी दिवसांनी माझ्या शेडात दोन माणसांचा आवाज होता. मला वाटलं, नाही सांगितलं तरी चालेल. आपण त्यांना बोलावलं, मान दिला, झालं. खोटं कशाला लिहू, हा विचार मला आवडला होता.

काच बसवली. ती नीट सरळ उतरली आहे का हे मला कळेना. म्हणालो, "चाचा, एकदा चॅनलमध्ये बोट घालून बघा ना."

त्यांनी हात पुढं केला. रबरापाशी आला आणि थांबला. मागं घेतला.

"मी नको," म्हणाले. "माझा हात लागला की तंग होतंय."

रुसून नाही, टोमणा म्हणून नाही. आपल्याला मधुमेह आहे असं माणूस सांगतो तसं म्हणाले.

मी खिशातून चपलेचा तुकडा काढून त्यांच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. टाच कापली ते, दाबले ते, एक ओढ्यात फेकला ते. बोलताना माझं लक्ष त्यांच्या पायांकडं होतं. संपलं तेव्हा त्यांनी हात पुढं केला.

"दे."

तुकडा त्यांनी उलटसुलट केला. मग उठले आणि इतक्या वर्षांनी चॅनलमध्ये बोट घातलं, जागा बघितली, तुकडा स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवला. मूठ फिरवली. काच दोन बोटं खाली आली आणि अडकली. त्यांनी जोर लावला. हलली नाही. तुकडा उपसला, पुन्हा फिरवली. काच सुरकन खाली गेली. वर आली. खाली गेली. किती वेळा केलं मी मोजलं नाही. ते बघत फक्त काचेकडं होते.

"मी चॅनल चाचपत होतो," म्हणाले, "तवा तू कुठं होतास?"

"तुमच्या शेजारी. उजेडाला बॅटरी मीच धरली होती."

"भावाला सांगितलंस?"

"नाही."

"म्हणजे तो मला शिव्या देत मेला."

मी मान हलवली. माफ करा म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "ते नको. गाडी काढ तुझी. रांगेत चल. तुझा बाप चार लोकांत बोलला. तू बी चार लोकांत बोल."

मोटरसायकलवर ते माझ्या खांद्याला न धरता बसले, मागच्या कॅरिअरला धरून. आम्ही जुन्या गॅरेजांच्या रांगेत गेलो. रांग राहिलेलीच नव्हती. मोबाइलची दुकानं, झेरॉक्स, एक चपलांचं दुकान. त्या दिवशी जमलेल्यांपैकी कोण कुठं, चाचा बोट दाखवून सांगत गेले. हा गेला, तोही गेला, तो पोराकडं औरंगाबादला. टोकाला एक रेडिएटरवाला तेवढा सापडला, त्यांच्याच वयाचा, कानानं अधू. चाचांनी मला पुढं केलं. "बोल."

मी मोठ्यानं बोललो. शेजारच्या दुकानातली पोरं बघायला लागली. "आमच्या ट्रकची काच अडकली होती. त्यात मिस्त्रींची चूक नव्हती. मी चपलेचा तुकडा घातला होता."

"कोणते मिस्त्री?" रेडिएटरवाल्यानं विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. त्याला कळेना. तेव्हा चाचाच वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "मी! मी बसवली होती काच! बराबर बसवली होती!"

"हां," रेडिएटरवाला म्हणाला, "तू बराबरच बसवायचास की." आणि हातातली डाग द्यायची सळई पुन्हा तापवायला ठेवली.

मी म्हणालो, "चला, सोडतो तुम्हाला."

"न्हाई. पायी जातो."

ते निघाले. पंधरा-वीस पावलांवर चपलांच्या दुकानापाशी थांबले आणि दारातल्या माणसाला काहीतरी सांगायला लागले. तो तिशीतला, त्याला यातलं काहीच ठाऊक असायचं कारण नव्हतं. चाचांनी वळून माझ्याकडं बोट केलं. त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मग ते पुढच्या दुकानाशी गेले आणि तिथंही बोट केलं.

मी मोटरसायकल चालू केली नाही. ते रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यांना दिसेल असा तिथंच उभा राहिलो.