भिंतीपासून सात फूट

पाणी आणि गॅस खात्याच्या नकाशाखोलीत तिला एकतीस वर्षं झाली होती. पाठीमागं सगळे तिला ‘फूटपट्टी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. फूटपट्टी सरळ तरी असते, एवढंच ती म्हणायची.

मूळ दुखणं तिच्या जन्माआधीचं. तेव्हा पाणीवाले वेगळे, गॅसवाले वेगळे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. पाणीवाले पाइपाचं अंतर रस्त्याच्या मध्यापासून मोजत, गॅसवाले घराच्या भिंतीपासून. पुढं शहरानं गॅस कंपनी विकत घेतली, दोन्ही कामं एका छपराखाली आली आणि कुण्या शहाण्यानं दोन्ही नकाशे एकाच कागदावर उतरवले, सगळी मापं रस्त्याच्या मध्यापासूनची धरून. म्हणजे कागदावर गॅसचा पाइप एकीकडं, जमिनीत भलतीकडं.

हे तिच्या ध्यानात आलं नोकरीच्या चौथ्या वर्षी. तेव्हापासून गॅसवाल्यांच्या जुन्या मापवह्या काढून ती एकेक गल्ली दुरुस्त करत आली. चार साहेब आले नि गेले. प्रत्येकानं तिचं टिपण वाचलं, मान डोलावली आणि फायलीला लावलं. पाचव्यानं, म्हणजे आताच्या साहेबांनी, नकाशे संगणकावर चढवले, तेही तिचे सोडून जुनेच. त्यांच्यावर शिक्का होता ना.

आणि आज त्याच नकाशावरून बेकरीच्या गल्लीत मशीननं खणून पाण्याचा नवा पाइप टाकायचा होता.

“साहेब, मशीनचा दात थेट गॅसच्या पाइपात घुसेल,” ती सकाळीच केबिनमध्ये जाऊन म्हणाली. “दोन्ही बाजूंना घरं आहेत.”

“बाई, साठ वर्षं हाच नकाशा वापरतोय आपण.”

“साठ वर्षं चुकतोय म्हणून तो बरोबर ठरत नाही.”

“बरं, लिहून द्या.”

“नऊ वेळा दिलंय.”

साहेबांनी फोन कानाला लावला. तो वाजलाही नव्हता.

तिनं मापवही काखोटीला मारली, टेप पर्समध्ये कोंबली आणि तडक बेकरीची गल्ली गाठली. मशीन घरघरत होतं. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“ताई, बाजूला व्हा,” मुकादम म्हणाला. “कागदावर इथं काही नाही.”

“कागद फुटत नाही, मुकादम. पाइप फुटतो. तीन फूट हातानं खणा. काही लागलं नाही तर परत तोंड दाखवणार नाही.”

मुकादमानं कपाळाला आठ्या घातल्या, पण माणूस लावला. तिनं बेकरीच्या भिंतीला टेप धरली. सात फूट. अडीच फूट खोल गेल्यावर फावडं खणकन् वाजलं. मातीतून काळा, जाड पाइप दिसला. मशीनवाल्यानं कुणी न सांगताच मशीन बंद केलं.

अर्ध्या तासानं साहेब आले, खड्ड्यात डोकावले. “या गल्लीपुरतं दुरुस्त करून टाका, बाई.”

“आणि बाकीच्या? सगळ्या दुरुस्त करून ठेवल्यात मी. नुसत्या चढवायच्यात.”

“तिथून अजून तक्रार कुठं आलीय?”

तक्रार करायला माणूस उरायला हवा, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोवर साहेबांची गाडी वळलीसुद्धा.

“उद्या कुठं खणताय?” तिनं मुकादमाला विचारलं.

“उद्या दोन टोळ्या आहेत, ताई. एक शहराच्या या टोकाला, एक त्या. दोन्हीकडं हाच कागद.”

दोन्हीकडं मशीनपुढं उभं राहणं तिला एकटीला जमणार नव्हतं. मापवही तिनं आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर बसली, त्याच्या उद्याच्या गल्लीचं पान उघडलं आणि वही मुकादमाच्या हातात ठेवली.

“भिंतीपासून. रस्त्याच्या मध्यापासून नाही. म्हणा.”

“भिंतीपासून.”

“परत म्हणा.”